जावयानं बसवलेली सेटिंग

माझ्या नणंदेच्या नवऱ्याला जगातलं सगळं कळतं, असं त्याचं स्वतःचं मत आहे. दर रविवारी तो बोरसीहून नेहरू नगरला आमच्याकडे नाश्त्याला येतो आणि तोंडात घास असतानाच उपदेश करतो.

मी घरी गाणं शिकवते. तानपुऱ्याची फाइल कॉम्प्युटरवर लावते. एका रविवारी या महाशयांनी न विचारता त्यावरची जुनी सिस्टीम काढून लिनक्स नावाची नवी टाकली. "वहिनी, आता स्टुडिओसारखा आवाज येते का नाही पाहा! पेशल सेटिंग करून देल्ली."

सोमवारी मुलींनी सा लावला आणि तानपुरा फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडू लागला. मुली फिदीफिदी हसल्या. मी त्याला फोन केला.

"स्पीकर खराब असन."

हेडफोन लावला, तरी तडतड. मग म्हणे फाइल खराब. तीच फाइल मोबाईलवर स्वच्छ वाजली. तेव्हा म्हणाला, "वहिनी, या वयात कानाले भास होतेत." मी त्याच्यापेक्षा लहान आहे.

नवरा पेपरमधून म्हणाला, "जाऊ दे ना. घरचा जावई हाय, कावून चिडून राहिली?" स्टील प्लांटमध्ये फर्नेसवर ओरडण्यात आयुष्य गेलेला हा माणूस बहिणीच्या नवऱ्यापुढं शेळी होतो.

मग मीच बसले. इंटरनेटवर लोकांच्या तक्रारी वाचल्या, एक कमांड दिली. पडद्यावर तक्ता उघडला. दर तडतडीला त्यातला चुकांचा आकडा वाढत होता. म्हणजे स्पीकर, फाइल, माझे कान, सगळे निर्दोष. कॉम्प्युटर आवाजाचे तुकडे करून पुढं पाठवतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याची धावपळ जास्त. या विद्वानानं तुकडा इतका बारीक करून ठेवला होता, की आमच्या जुन्या मशीनची दमछाक होत होती. मी तो मोठा केला, आवाज सांभाळणारी सर्व्हिस बंद करून परत चालू केली. तानपुरा सलग वाहू लागला. किती तरी वेळ मी नुसती ऐकत बसले.

रविवारी तो आला, ऐकलं आणि नवऱ्याला म्हणाला, "पाह्यलं? मशीन सेट व्हाले टाइम लागतेच."

"भाऊजी, तुमची सेटिंग मी बदलून टाकली," मी म्हणाले.

"कोणती सेटिंग?"

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. कुठून तरी उचलून डकवली होती, बस. मला राग येईना, फक्त किळस आली. चहा होईस्तोवर तो कॉम्प्युटरपाशी गेला, की-बोर्ड दाबला. त्यानं ठेवलेला पासवर्ड मी बदलला होता; त्यानं नवा विचारला. मी दिला नाही. नंतर नवऱ्यानं विचारला. त्यालाही नाही.