वडाखालचा कापूर

शहरातल्या वनस्पती उद्यानाच्या समितीवर मला घेतलं ते मोठ्या दवाखान्याची प्रमुख म्हणून. झाडांतलं मला ओ की ठो कळत नाही. पण समितीत डॉक्टर असला की निर्णय त्याच्या गळ्यात घालता येतो, हे लोकांना बरोबर कळतं.

वटपौर्णिमेच्या आधीच्या बैठकीत तसंच झालं. उद्यानातल्या जुन्या वडावर आग्या मोहोळ बसलं होतं, आणि तिथं पूजेला दरवर्षी बायांची ही गर्दी. दार बंद ठेवलं तर बाया फांद्या तोडून घरी नेतात. मोहोळ जाळायला उद्यानाचे जाणकार तयार नव्हते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, पूजा होऊ द्या, पण धूर नको. उदबत्ती, कापूर, दिवा, सगळं गेटवर काढून घ्या. लगेच ठराव झाला.

घरी आले, समोर सासूबाई दिसल्या आणि मी काय ठरवून बसले ते लक्षात आलं. शेंदूरजनाघाटच्या आमच्या संत्र्याच्या बागेत सासूबाईंना एकदा एकच मधमाशी चावली होती. वरूडला नेईपर्यंत घसा सुजून त्यांचा श्वास अडकायला लागला. पुन्हा चावली तर काय होईल, हे सांगायला मला दुसरा डॉक्टर नको होता. आणि त्या तर याच वडाला जायचं म्हणून हटून बसलेल्या. मी परोपरीनं समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पूजेचं सूत गुंडाळत बसल्या.

पौर्णिमेच्या सकाळी पर्समध्ये इंजेक्शन भरून मी त्यांच्यासोबत गेले. गेटवर उदबत्त्यांचा ढीग पडला होता; बाया कुरकुरत होत्या, पण ऐकत होत्या. सासूबाई निर्धास्त फेरे घालत होत्या, वर काळं पोळं लोंबत होतं आणि खाली मी मान वर करून उभी. तेवढ्यात समितीचे अध्यक्ष लगबगीनं आले. मोठ्या माणसाला पहिल्या आरतीचा मान द्यायचा ही आपली रीत. ती पाळायच्या नादात ते आपलाच ठराव विसरले, आणि पेटलेल्या कापराचं ताट त्यांनी माझ्या हातात दिलं.

धूर सरळ वर निघाला. पोळ्यावरून एक लाट सरकली, मग दुसरी. गुणगुण वाढली. सासूबाई अगदी बुंध्याशी होत्या.

मी फुंकर मारून कापूर विझवला.

बायांचे फेरे जागीच थांबले. आमच्या घरी दिवा विझला असं कोणी बोलतही नाही, शांत झाला म्हणतात. आणि मी नवऱ्याच्या आयुष्यासाठीची आरती तोंडानं फुंकली होती. तो त्या वेळी अकोल्याहून गाडी चालवत अमरावतीला येत होता.

पोळं हळूहळू निवलं. मी सासूबाईंना हाताला धरून गेटबाहेर आणलं. त्यांच्या तोंडाकडे बघायची हिंमत होत नव्हती.

"बरं केलं तू," त्या म्हणाल्या. "माह्या जिवासाठी केलं, मले समजते." थोडं चालल्यावर म्हणाल्या, "पन आता त्याले फोन लाव."

लावला. त्यानं उचलला नाही. गाडी चालवताना तो फोन घेतच नाही, असं मी त्यांना सांगितलं आणि पुन्हा लावला. घरी येऊन दोघी पायरीवर बसलो. पूजा झाली होती, तरी त्या पाणी घेईनात. मी काही आग्रह केला नाही.

फाटकाशी त्याच्या गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा त्या उठल्या. माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि आधी माझ्यापुढे धरलं. मी उपास करत नाही, असलं काही मानतही नाही. पण सकाळपासून मीही घोटभर पाणी घेतलं नव्हतं.