आमचा विरोध नव्हता म्हणे

मनोरीला आमच्या आळीची बैठक देवळासमोर बसते. पुरुष बोलतात, बायका मागे बसतात. वडीलधाऱ्यांच्या तोंडावर नाही म्हणायची बायकांना चोरी. म्हणून जिला निर्णय पटत नाही, ती शेवटी आलेल्या चहाला हात लावत नाही. एक कप जरी भरलेला राहिला तरी विषय मिटला असं कोणी धरत नाही, पुन्हा बसावं लागतं. माझ्या सासूने असे कप ठेवून भल्याभल्यांना जेरीस आणलंय.

हे सगळं तिला माहीत होतं. ती म्हणजे बोरिवलीहून येणारी, मच्छीमारांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली बाई, पुढे माझी मैत्रीण. कित्येक वर्षं तिने आमच्या ओट्यावर बसून बोंबील खाल्ले, माझ्या सासूला आय म्हणाली. मासेमारीवर सगळ्या देशांचा मिळून करार होतोय आणि त्यात होड्यांना मिळणारी सरकारी मदत बंद होऊ शकते, हे आम्हाला तिनेच समजावलं. डिझेलचा परतावा गेला तर माझ्या नवऱ्याची होडी किनाऱ्यावरच पडून राहणार, हे मात्र कोणी समजवायची गरज नव्हती. तिची संस्था त्या वाटाघाटींना परदेशात जायची. आमचं मागणं एवढंच, लहान होड्या करारातून कायमच्या बाहेर ठेवा. ते मी तिथे मांडीन, असा तिने सासूच्या हातात हात देऊन शब्द दिला होता.

जाण्याआधी संस्थेने अंधेरीत विमानतळाजवळच्या हॉटेलात सल्लामसलत ठेवली. आम्ही बायका ठेवणीतली लुगडी नेसून, अबोली माळून गेलो. तिथे गेल्यावर कळलं की मागणी आधीच बदललीय. कायमची सूट नाही, थोड्या वर्षांची सवलत. मी माइक हातात घेऊन बोलायला लागले, तर वेळ संपली, उरलेलं जेवणानंतर बोलू, असं सांगून मला बसवलं. सासू म्हणाली, मग आपण जेवायचंच नाही.

पुलाव आला, पनीर आलं, रसमलाई आली. एकीनेही ताटाला हात लावला नाही. वेटर बिचारा विचारून विचारून थकला. मैत्रीण आमच्या टेबलाशी आली, भरल्या ताटांकडे बघत क्षणभर थांबली आणि पुढे गेली. मला वाटलं, चला, पोचलं.

जेवणं झाल्यावर तीच माइकवर गेली आणि परदेशी पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाली, मच्छीमार महिलांशी आमचं सविस्तर बोलणं झालंय, सवलतीला त्यांचा विरोध नाही. टाळ्या पडल्या. आमच्या बायकांनीही वाजवल्या, आपली पोरगी बोलतेय म्हणून. त्यांच्यात इंग्रजी कळणारी मी एकटी.

मी तिला बाहेर पॅसेजमध्ये गाठलं.

"ताटं दिसली ना तुला?"

"दिसली गं." तिने नजर चुकवली नाही, तेच जास्त लागलं. "पण कायमची सूट मागत बसलो ना, तर पुढच्या फेरीला आपल्याला आत घेणार नाहीत."

"आपल्याला म्हणजे कोणाला?"

मनोरीला येऊन नीट समजावते, असं म्हणून ती पाहुण्यांकडे वळली. परक्याने असं केलं असतं तर मी तिथेच भांडले असते. हिने केसाने गळा कापला. ज्यांना आत जागा नाही त्यांचं म्हणणं आत न्यायचं, हेच संस्थेचं काम, असं तीच आम्हाला शिकवायची. आणि आमचं म्हणणं बाहेर ठेवून ती आमचा होकार घेऊन आत चालली होती. मला खूप राग आला होता, पण बाकीच्या बायका खुशीत होत्या, म्हणून त्यांच्याबरोबर मी परतीच्या वाटेला लागले.

मार्वेला खाडी ओलांडायच्या तरीत बसल्यावर सासूने डबा उघडला. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. भाकरी मोडता मोडता तिने विचारलं, "तेंना कलला ना गो?"

नाही म्हटलं असतं तर ती उद्या पुन्हा अंधेरीला निघाली असती.

"कलला, आये. सगला कलला."

"मंग होडी वाचली," असं म्हणून ती जेवायला लागली.