मंगळवारची तिसरी पाळी

सोमवारी दुपारी लक्षात आलं की बहिणीचं विमान उद्या रात्री नाही, आज रात्री उतरणार आहे. गिरणी संपाला तेव्हा पंचवीसेक वर्षं झाली होती. आम्ही चिंचपोकळीच्या चाळीत राहत होतो.

लक्षात आलं ते घरच्या संगणकावरच्या एका छोट्या प्रोग्राममुळे. त्याला चित्रं, बटणं काही नव्हती. काळ्या खिडकीत एक शब्द टाइप करून एंटर दाबलं की कॅलेंडरात घातलेले पुढचे कार्यक्रम वेळेच्या क्रमाने एकाखाली एक येत. झालेलं काही तो दाखवत नसे. वर्तमानपत्राच्या कचेरीत सभा आणि पत्रकार परिषदांसाठी मी तो वापरत असे. घरचे कार्यक्रमही त्यातच असत. त्या दुपारी पहिलीच ओळ आली: मंगळवार, शून्य वाजून तीस मिनिटं, ताई, विमानतळ. वेळ मी तिकिटावरून घातली होती; म्हणजे आज मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने.

"बाबा, ताई आज येते."

"मंगळवारी रात्री साडेबारा. तिनेच फोनवर सांगितलं," वडील म्हणाले. "आज सोमवार."

वडिलांनी गिरणीत वर्षानुवर्षं तिसरी पाळी केली होती. ती रात्री बाराला सुरू होई. मंगळवारी रात्री घरून निघालेला माणूस बुधवारी सकाळी सुटेपर्यंत मंगळवारच्याच पाळीत धरला जाई. साडेबारा त्यांनी त्याच हिशेबाने धरले होते.

"गिरणी जाऊन जमाना झाला," आई म्हणाली, "ह्यांची पाळी काय सुटत नाय."

"परत विचार तुझ्या मशीनला," वडील मला म्हणाले.

मी पुन्हा एंटर दाबलं. तीच ओळ. वडिलांनी ती चष्मा लावून वाचली आणि ते खाटेवर बसले.

संपानंतर ते दादरच्या एका इमारतीत रात्रीचे रखवालदार झाले होते, ते अजून तिथेच होते. बहीण आखातात नोकरीला गेली, त्या रात्री बदली माणूस मिळाला नाही म्हणून ते विमानतळावर जाऊ शकले नव्हते. त्यानंतर ती आजच येत होती. मंगळवारी रात्री आपल्या जागी बसायला त्यांनी दिवसपाळीवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. आता त्याला फोन लावला.

"आज? काका, आज मेव्हण्याची हळद हाय. उद्या सांगा, दोन पाळ्या मारतो."

वडिलांनी फोन ठेवला. "तुम्ही दोघं जा," ते म्हणाले.

"मी बसतो गेटवर," मी म्हटलं.

"तू? चोर आला तर बातमी लिहीत बसशील."

तरीही त्यांनी इमारतीच्या सेक्रेटरींना फोन करून परवानगी घेतली. मग शिट्टी आणि टॉर्च माझ्या हातात दिली.

संध्याकाळी मी गेटवरच्या खुर्चीत बसलो. आई-वडील जेवून टॅक्सीने निघाल्याचं आईने फोनवर कळवलं. एक वाजून गेल्यावर बहिणीचा फोन आला. विमान उतरलं होतं, सामान मिळालं होतं. बाबा बाहेरच्या दारापाशी भेटले होते, आणि तिघं टॅक्सीत बसली होती.