मागच्यांची केबिन

कपाट दोघांनी उचलायचं असतं, आणि त्या दोघांपैकी एकाला जन्मभर मागे राहावं लागतं. आमच्या इमारतीतले मागचे हे त्यांपैकी. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. पोस्टमनसुद्धा खालून ‘मागचे’ म्हणूनच ओरडतो. त्यांच्या बायकोला सगळे मागच्याकाकू म्हणतात. काकूंचे थोरले भाऊ, म्हणजे मागच्यांचे मेहुणे, ते पुढचे.

या दोघांनी मिळून शहरातली निम्मी घरं एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवली. सामान हलवण्याच्या धंद्यात एक रीत असते. पुढचा माणूस सामानाकडे तोंड करून उलटा चालतो, त्यामुळे आपण कुठे चाललोय ते त्याला दिसत नाही. मागच्याने कपाटाच्या कडेने मान बाहेर काढली की त्याला रस्ता दिसतो. म्हणून बोलायचं मागच्याने आणि ऐकायचं पुढच्याने. ‘पायरी.’ ‘उंबरा.’ ‘डोकं सांभाळ.’ ‘थांब.’ बाकी काही बोलायची त्यांना कधी गरज पडली नाही. काकूंचं लग्नसुद्धा असंच जिन्यात ठरलं म्हणतात. एका शिलाई मशीनच्या दोन टोकांना दोघं होते, आणि पुढचे म्हणाले, “बहीण आहे माझी एक.” मागचे म्हणाले, “पायरी.” पुढच्यांनी तो होकार धरला.

मागच्यांना बोलायची सवय इतकी जडली की बँकेच्या रांगेत ते पुढच्या अनोळखी माणसाला हलकेच ‘पायरी’ म्हणत, आणि पायरी नसतानाही तो माणूस पाय उचलत असे. काकूंना स्वयंपाकघरात शिरताना रोज सूचना मिळे.

“अहो, माझंच घर आहे हे.”

“घर तुझंच गं. पण मागे मी आहे ना.”

मग ते कपाट झालं. तीन दारांचं, लाकडी, आडदांड. ते एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चढवायचं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते दोघांच्या हातून निसटलं आणि कठडा आणि भिंत यांच्यामध्ये असं काही अडकलं की पहारीनेही हललं नाही. मागचे म्हणतात, पुढच्याने सोडलं. पुढचे म्हणतात, मागच्याने न सांगता ठेवलं. या धंद्यात एकवेळ चोरी पचते, न सांगता ठेवणं पचत नाही. शेवटी सुतार बोलावून कपाटाची पाठ काढली. आता वरच्या मजल्यावरचे लोक कपाटाचं मधलं दार उघडतात, आतून जातात आणि पलीकडे निघून घरी पोचतात. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवतात की वाटेत कपाट लागेल, बिचकू नका. येता-जाता लोक त्यात छत्र्या अडकवतात. एका आजोबांना जिन्यात दम लागतो, ते खालच्या कप्प्यावर टेकतात आणि कोणी दार लावून घेतलं तर आतून टकटक करतात.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. बोलणं बंद म्हणजे धंदाही बंद. एकट्याने उचलता येईल असं काही त्यांनी कधी घेतलंच नव्हतं. आता वयही झालं होतं. मागचे खिडकीत बसू लागले. पुढचे दोन गल्ल्यांपलीकडे राहायचे, तेही कुठल्याशा खिडकीत बसले असणार.

अशात बातमी आली की पुढचे कायमचे मुलीकडे राहायला चाललेत, परदेशात. काकूंनी ती ऐकली आणि दिवसभर भांडी जरा जोरात घासली. भाऊ आणि नवरा एकमेकांशी एक शब्द न बोलता वेगळे होणार, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी त्या म्हणाल्या, “आपण बोटीवर जाऊ. ती छोटी बोट असते ना, किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवून आणते. दादापण येतोय.”

“तो येणार असेल तर मी नाही.”

“तोही अगदी हेच म्हणाला. तेव्हा तुमचं दोघांचं एकमत झालं असं मी धरते.”

“बोटीवर जाऊन करायचं काय?”

“काही नाही. तिथे रुसून उठून जायला जागा नसते, एवढ्यासाठी जायचं.”

बुकिंगच्या ऑफिसात एक मुलगी होती. टेबलाच्या काचेखाली बोटीचा नकाशा होता. बोट वरून अगदी इस्त्रीसारखी दिसत होती, एका बाजूला निमुळती, दुसऱ्या बाजूला बसकी, आणि कडेकडेने केबिन.

“या मधल्या घ्या काका,” मुलगी म्हणाली. “मध्ये बोट हललेली कमी जाणवते.”

“दोन शेजारच्या शेजारी द्या,” काकू घाईने म्हणाल्या.

मागचे नकाशाकडे बघत होते. मग टेबलाला वळसा घालून ते मुलीच्या बाजूला गेले आणि तिकडून बघू लागले. एखाद्या घरी सोफा बघायला गेल्यावर ते असेच त्याच्याभोवती फिरत.

“इंजीन कुठल्या बाजूला?”

“मागे.”

“पाण्याच्या टाक्या?”

“त्यापण मागेच असतील. का हो?”

“म्हणजे सगळं वजन मागे. पुढे नुसतं नाक.” त्यांनी काकूंकडे पाहिलं. “बघ. इथंसुद्धा तेच.” मग मुलीला म्हणाले, “एकदम मागची, शेवटची द्या.”

“काका, तिथे फार आवाज येतो. इंजीन बरोबर खाली आहे. आणि खिडकीतून समोरचं काहीच दिसत नाही, नुसतं मागे गेलेलं पाणी दिसतं.”

“गेलेलं तरी नीट दिसू दे. माझ्या डोळ्यांपुढे जन्मभर कपाटाची पाठ होती.”

मुलगी हसली. “कमाल आहे. काल असेच एक काका आले होते. त्यांना एकदम पुढची हवी होती. म्हटलं, तिथे नांगराची साखळी खडखडते, झोप येणार नाही. तर म्हणाले, खडखडू दे, पुढे कोणीतरी लागतंच.”

काकूंनी पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

“अहो, तुम्ही दोघं बोटीतून फिरायला चाललाय की बोट उचलायला?”

मागचे नकाशावरच्या शेवटच्या केबिनवर बोट ठेवून उभे राहिले.

“मला एक मधली द्या,” काकू मुलीला म्हणाल्या.

“तुम्हाला एकटीला?”

“एकटीला. दोन टोकांना दोन माणसं म्हटली की मध्ये काहीतरी कपाट लागतं. ते मी.”

अशी एका कुटुंबाने एका छोट्या बोटीत तीन केबिन घेतल्या. बोटीवरच्या लोकांना वाटलं, यांच्यात कोणालातरी संसर्गाचा आजार असावा.

शेवटची केबिन मागच्यांना पसंत पडली. पलंग जमिनीला स्क्रूने पक्का केलेला होता, टेबल भिंतीला. हलवण्यासारखं आत काहीच नव्हतं, त्यामुळे त्यांना उगाचच विश्रांती मिळाल्यासारखं वाटलं. रुंद खिडकीतून पाणी मागे मागे जात होतं, आणि इतक्या गोष्टी आपल्यापासून दूर जात असताना कोणी ‘सांभाळ’ म्हणत नाही, याचं त्यांना नवल वाटत होतं. पहिला दिवस असा गेला. जेवायला पुढचे आले की मागचे उठत, मागचे आले की पुढचे. बोट लहान होती, पण रुसायला जागा किती लागते याचा काकूंचा अंदाज चुकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र फुगला. बोटीचं नाक वर गेलं आणि सगळा भार मागे आला. मागच्यांनी तो ओळखला. पलंगावरून उतरून त्यांनी गुडघे वाकवले, पलंगाच्या कडेखाली दोन्ही हात घातले आणि पाठ ताठ ठेवून उभे राहिले. नाक खाली आलं, पुन्हा वर गेलं. हा खुळेपणा आहे हे त्यांना कळत होतं. पण कळल्याने हात सुटत नाहीत.

काकू बघायला आल्या. ते म्हणाले, “तुझ्या भावाला सांग, पुढून फार उचलतोय.”

“काय?”

“इतकं वर घ्यायचं काही कारण नाही. सगळं माझ्या अंगावर येतंय.”

काकूंनी कपाळाला हात लावला. पण हे नवऱ्याचे एवढ्या दिवसांतले भावासाठीचे पहिले शब्द होते. त्या भिंतीला धरत धरत पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. पुढच्या केबिनमध्ये त्यांचा दादा दाराकडे तोंड करून, पलंगाच्या कडेखाली हात घालून, घामाघूम उभा होता.

“त्याला सांग,” दादा म्हणाला, “ढकलू नको म्हणावं. मला मागचं दिसत नाही.”

“दादा, तुझ्या मागे समुद्र आहे.”

“मग तसं त्याने सांगायला नको?”

काकू परत निघाल्या. ‘ढकलत नाहीये म्हणतात.’ ‘मग माझ्या मनगटात कळ का येतेय विचार.’ ‘पकड चुकीची असेल म्हणतात.’ ‘पकड मला शिकवू नको म्हणावं.’ असे निरोप त्या दुपारपर्यंत नेत राहिल्या. मग एका हेलकाव्यात त्यांनी तोंडावर पदर दाबला. त्या आपल्या केबिनमध्ये शिरून आडव्या झाल्या आणि उघड्या दारातून दोन्ही बाजूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मला उलट्या होतायत. आता तुमची बोट तुम्ही बघा.”

मागच्यांना ते ऐकू आलं. बायकोकडे जायला हवं होतं, तिला पाणी द्यायला, डोकं धरायला. पण जायचं म्हणजे मागचं टोक ठेवायचं. आणि न सांगता ठेवलं असतं तर पुढच्यांनी आजवर जे काही म्हटलं ते सगळं खरं ठरलं असतं.

दारासमोरून दातांचे एक डॉक्टर तोल सावरत चालले होते. मागचे म्हणाले, “जरा पुढे सांगाल का? म्हणावं, मागचे ठेवतायत.”

“काय ठेवतायत?”

“त्याला कळेल.”

डॉक्टरांनी खांदे उडवले आणि पलीकडच्या केबिनमधल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं. बाईंनी वर्गात सांगावं तसं ते खणखणीत आवाजात पुढे सांगितलं. थोड्या वेळाने त्याच वाटेने उत्तर आलं.

“ते म्हणतायत, थांब,” डॉक्टर दारातून म्हणाले. “त्यांची पकड नीट नाही.”

मागचे थांबले. डॉक्टरही थांबले. कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण अशा वेळी निघून जाणं बरं दिसत नाही. पॅसेजमध्ये आणखी दोन-तीन माणसं येऊन उभी राहिली.

“हं,” डॉक्टर म्हणाले. “ठेव म्हणतायत. मीपण ठेवतो, म्हणाले. पण एकदम नको.”

मागच्यांनी गुडघे आणखी वाकवले आणि एकेक बोट सोडवत हात बाहेर काढले. नेमकी तेव्हाच बोट खाडीच्या आडोशाला शिरली, असं कप्तानाचं म्हणणं आहे. कप्तान वर होता, त्याला खालचं काय कळणार. पॅसेजमधल्या सगळ्यांना मात्र काहीतरी मोठं, जड, सावकाश टेकल्यासारखं वाटलं. मुख्याध्यापिकाबाई नकळत म्हणाल्या, “शाबास.”

पाण्याची बाटली घेऊन मागचे निघाले. समोरून टॉवेल घेऊन पुढचे येत होते. काकूंच्या दाराशी पुढचे लोखंडी उंबऱ्याला अडखळले आणि भिंतीवर आपटले.

“उंबरा,” मागचे म्हणाले.

“पडल्यावर सांगतोस?”

“दिसल्यावरच सांगणार ना.”

“त्या दिवशीही असंच उशिरा.”

“त्या दिवशी वेळेवर सांगितलं होतं. तुझं लक्ष कठड्याकडे होतं.”

“कठडा माझ्या पाठीत घुसला होता, लक्ष दुसरीकडे कुठे असणार? आणि तू सांगितलं नाहीस.”

“सांगितलं.”

“नाही सांगितलंस.”

“दादा,” आतून काकूंचा बारीक आवाज आला, “तो टॉवेल दे. अहो, ते पाणी द्या. आणि मग लांब कुठेतरी जाऊन भांडा.”

बोटीत लांब म्हणजे एकच जागा होती. दोघं शेवटच्या केबिनमध्ये जाऊन पलंगावर शेजारी शेजारी बसले. समोरासमोर सोडून असं एका बाजूला बसायची त्यांना सवय नव्हती. पाण्याकडे बघत ते त्या कपाटावरून भांडत राहिले, आणि खाली इंजीन असल्यामुळे प्रत्येक वाक्य ओरडून म्हणावं लागलं, त्यामुळे ते भांडण सगळ्या बोटीने ऐकलं. चहाच्या वेळेपर्यंत प्रवाशांत दोन तट पडले होते. डॉक्टर पुढच्यांच्या बाजूने होते.

चहा झाल्यावर भांडण थोडं सैल पडलं.

“पोरीकडे कितवा मजला?” मागच्यांनी ओरडून विचारलं.

“वरचा आहे. पण लिफ्ट आहे.”

“बंद पडली तर?”

“जिना आहे.”

“हल्ली जिना कसा चढतोस?”

पुढच्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. “उलटा.”

“हातात काही नसताना?”

“सरळ चढलं की सगळं समोर दिसतं. छातीत धस्स होतं.”

मागचे पुढच्यांकडे वळले. मग म्हणाले, “तिकडे तुझ्या मागे कोण असेल?”

“जावई असतो. चांगला आहे. पण बोलत नाही फारसा.”

“त्याला बोलायला लाव.”

“माझं ऐकतो होय तो. तूच सांग त्याला फोनवर, कुठे काय म्हणायचं ते.”

“फोनवर कसं सांगू? जिन्याला वळण किती, कठडा कुठल्या बाजूला, काही ठाऊक नाही. बघितल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.”

“मग ये बघायला.”

“येतो की,” मागचे ओरडले. “मी कुठे नाही म्हणालो?”