पऱ्हाटीचं बूड

आर्णीच्या नरहर देवपुजारींनी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर माणसं नातवंडं सांभाळतात. हे पऱ्हाटीच्या मागे लागले. कापूस वेचून झाला की शेताशेतातून पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, पेटते, आणि त्या धुराने दरवर्षी यांचं डोकं फिरायचं. "अरे, सोनं जाळून राह्यले तुम्ही!" दिसेल त्याला सांगायचे. ऐकणारा मान डोलवायचा आणि काडी ओढायचा.

पऱ्हाटीचा भुसा पातळ आम्लात भिजवून वाफेवर शिजवला, की बदामाच्या वासाचं तेल निघतं. त्याला म्हणतात फरफ्युराल. रेझिनचे कारखाने ते घेतात. नागपूरच्या एका कारखान्याचा माणूस शनिवारी नमुना बघायला येणार होता. त्याला पटला, तर इथली पऱ्हाटी जळायची थांबणार होती. गफ्फार मिस्त्रीने जाड पत्र्याची टाकी बांधून दिली. तांड्यावरची रुपीबाई पऱ्हाटी आणून टाकत होती.

पण वासच येईना! एक घाणा फसला, दुसरा फसला, तिसऱ्याला नुसतं मळकट पाणी. सरांनी आच वाढवून पाहिली, रात्रंदिवस स्वतःशीच चरफडले, आणि शेवटी भर बाजारात गफ्फारवर घसरले. "तुझ्या टाकीतून वाफ गळते! घेऊन जा, भंगारात घाल!"

गफ्फारने टाकी हातगाडीवर घातली आणि घेऊन गेला.

गुरुवारी रुपीबाईने नवा भारा आणून टाकला. आधीच्या भाऱ्यांसारखाच प्रत्येक बुडाला काळ्या मातीचा गोळा; सरांचं लक्ष आज गेलं.

"ही माती कायले आणली, बाई?"

"बुडासकट उपटली, सर. बुडाचीच आच असते. तुमी म्हनलं ना, चांगली आन. बूड तोडून मी कोनाच्या चुलीले देत नाही."

सरांनी त्या बुडावर थोडं आम्ल ओतलं. माती सोड्यासारखी फसफसली. चुनखडीची माती! सगळं आम्ल तिनेच गिळलं होतं, पऱ्हाटीपर्यंत काही पोचलंच नव्हतं. चुना आणि आम्ल, हाच प्रयोग आठवीच्या पोरांना दाखवता दाखवता यांचे केस पिकले होते. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्यांना झालं. पऱ्हाटी चुलीसाठी नाही, हे त्या बाईला त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. तिला काय कळणार, असं धरून चालले होते.

ते तसेच गफ्फारच्या दुकानी गेले.

"गफ्फार, टाकी चांगली होती रे. चुकलं माझंच. आज बसवून दे, शनिवारी माणूस येतो."

गफ्फारने बाजूला बोट दाखवलं. टाकी उभी चिरून तिच्या दोन गव्हाणी झाल्या होत्या, एकीला रंगही लागला होता.

"कालच कापली, सर. तुमीच म्हनलं, भंगारात घाल."

त्याने आवाज चढवला असता तर सरांना भांडता तरी आलं असतं. तो खुर्ची पुसून त्यांच्यासाठी चहा सांगत होता.