शेकोटी शोधणाऱ्यांसाठी चिमामावशी

चिमामावशी माझ्या दुकानात चपला बाहेर काढून यायच्या. जुन्नरच्या पेठेतलं वेबसाइट बनवायचं दुकान म्हणजे काही देऊळ नव्हे, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. "लिवायची जागा हाय ती," एवढंच म्हणायच्या. खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. टेबलावर दोन फोन ठेवायच्या, एक स्वतःचा, एक सुनेचा, आणि विचारायच्या, "भाऊ, ह्याच्यात मी खाली का व्हईना दिसती, त्याच्यात कुटंच न्हाई. असं का?"

दोन फोनांत दोन वेगळी सर्च इंजिनं होती. प्रत्येकाची यादी वेगळी, कसोट्या वेगळ्या. एक जण तुमचं नाव आणखी कोण कोण घेतंय हे जास्त बघतो, दुसरा पानावरच्या शब्दांना जास्त मानतो, आणि या दुसऱ्यानं मी तुमच्यासाठी बनवलेलं पान अजून धड वाचलेलंच नाही, असं मी सांगितलं. मावशींनी ते लगेच आपल्या हिशेबात बसवलं. "म्हंजी घोडेगावच्या स्टँडवर जेवायचं कुटं, ते टपरीवाल्याला इचारलं तर तो माजं नाव सांगनार, आन कंट्रोलरला इचारलं तर न्हाई सांगनार. मग कंट्रोलरला जाऊन सांगाया नगं का?"

मी हसलो. त्या दुसऱ्यातून कोण येतंय मावशी, म्हणालो. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

आहुप्यात, डोंगरातल्या आपल्या गावी, घरामागच्या दोन खोल्यांत मावशी पाहुणे ठेवायच्या. नवरा गेल्यापासून घर त्यावरच चाललं होतं. त्यांचं पान वर आणायचं म्हणून लोक काय शोधतात ते मी पाहिलं आणि मोठ्या अक्षरांत ठोकून दिलं, 'आहुपे देवराईत कॅम्पिंग आणि शेकोटी'. त्या देवराईतली वाळकी काडीसुद्धा गावातलं कोणी चुलीला नेत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. तरी लिहिलं, कारण यादीत वरचा नंबर हवा होता. पान महिन्याभरात वर गेलं आणि मी गिऱ्हाइकांना ते कौतुकानं दाखवत सुटलो.

थंडीत पाच जण आले ते मावशींकडे न जाता थेट देवराईत शिरले. सकाळी गावाला राखेचा काळा गोल दिसला आणि हिरड्याची एक तोडलेली फांदी. त्या पाच जणांनी फोन पुढे केला. पानावर मावशींचं नाव होतं, मावशींचा फोटो होता. गाव त्यांच्या दारात येऊन उभं राहिलं.

त्याच दिवशी दोन एसट्या बदलून त्या जुन्नरला आल्या. चपलांसकट आत आल्या.

"गाव म्हनतंय मी लिवलं. माजं नाव घालून तू लिवलंस. मला इचारलं व्हतंस?"

नव्हतं विचारलं. मी त्यांच्यासमोर ती ओळ पुसली. एका इंजिनात चार दिवसांत बदल दिसला आणि मी सुटलो असं समजून गप्प बसलो. दुसऱ्या इंजिनाकडे मी बघितलंसुद्धा नाही. त्यानं मधल्या काळात पान वाचलं होतं आणि तिथं जुनी ओळ तशीच होती. महिन्याभरानं एका कंपनीतली माणसं तंबू घेऊन आली. त्यांच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तेच दुसरं इंजिन होतं. मावशींनी त्यांना वेशीवरूनच परत पाठवलं, पण गावानं बजावलं की आता आणखी एक टोळी आली तर खोल्यांना कुलूप.

"कंट्रोलरला सांगितलं न्हाईस ना," एवढंच त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी आधीच करायला हवं होतं ते केलं. दुसऱ्या इंजिनाकडे पान नोंदवलं, पुन्हा वाचायची विनंती केली. डोंगरात रेंज कमी, म्हणून जड फोटो हलके केले. राहून गेलेल्या पाहुण्यांना आपल्या प्रवासाच्या पानांवर मावशींचा दुवा द्यायला सांगितलं. पानात इतरत्र राहिलेला 'शेकोटी' हा शब्दही मुळासकट काढणार, तेवढ्यात दुकानात आलेल्या मावशींनी हात धरला.

"ऱ्हाऊ दे. शेकोटी शोधनाऱ्याला पयली मीच दिसली पायजे. आन मी सांगते तसं लिव."

त्या बोलल्या, मी टाइप केलं. 'देवराईत शेकोटी? न्हाई. काडी उचलायची न्हाई. चपला भाइर. शेकायचं तर माज्या अंगनात या, भाकरी देते.' खाली एसटीच्या वेळा आणि पायवाट. त्यांची भाषा मी शुद्ध केली नाही. पाहुण्यांना जे विचारायचं असतं ते सगळं त्यात होतं आणि एकही शब्द खोटा नव्हता. पान हळूहळू चढलं, आधी एकीकडे, मग दुसरीकडे. खोल्या उघड्या राहिल्या.

दोन्हीकडे पहिला नंबर आला तेव्हा मावशी बघायला आल्या. दोन्ही फोन शेजारी ठेवून ओळ अन् ओळ वाचली आणि मान हलवली. चपला पायातच होत्या. मी धीर करून विचारलं, मावशी, अजून राग आहे का.

"राग न्हाई. तवा वाटायचं, हितं लिवलेलं खरं असतं."

फोन पिशवीत टाकून त्या गाडी धरायला गेल्या. पुढच्या पावसाळ्यात त्या वारल्या. खोल्या आता सून चालवते. माझ्या दुकानात चपला काढून कोणी येत नाही.