बोटांखाली रोहित

इंदापुरात सरदार पेंटर म्हटलं की जुनी माणसं अजून मान डोलावतात. एके काळी बाजारपेठेतल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. ट्रकचे नंबर, ट्रॉलीवर मालकाचं नाव, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं तेच रंगवायचे. नंबरांसाठी ते छाप, म्हणजे स्टेन्सिल, कापून ठेवत. दवाखान्यातून जुने एक्स-रे आणायचे, ब्लीचिंगच्या पाण्यात भिजवून त्यांच्यावरची हाडं धुऊन काढायची आणि मग ती आरपार दिसणारी फिल्म काचेवर ठेवून ब्लेडनं आकडे कापायचे. त्यांची मुलगी नौशीन शाळेतून आली की दप्तर फेकून तिथंच बसायची. शून्य कापताना त्याचं पोट गळून पडतं, म्हणून वर-खाली एकेक बारीक जोड राखायचा, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

पुढं फ्लेक्स आले. पाट्या छापून मिळायला लागल्या आणि सरदार पेंटरांनी ब्लेड डब्यात टाकलं. नौशीन लग्न होऊन भिगवणला आली. नवऱ्याचं, अल्ताफ तांबोळीचं, हायवेला मच्छीचं हॉटेल होतं. आई गेल्यावर तिनं अब्बांना आपल्याकडंच आणलं. ते दिवसभर काउंटरमागं खुर्ची टाकून बसत, येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकांकडं बघत आणि छापील नंबर दिसला की नाक मुरडत.

दोन वर्षांपूर्वी अल्ताफनं हॉटेलच्या भिंतींना पुट्टी मारायला काढली. दुपारी कामगार जेवायला बसले होते, घमेल्यात उरलेली पुट्टी सुकायला लागली होती. नौशीनच्या काय मनात आलं कुणास ठाऊक. हॉटेलच्या पाटीसाठी अब्बांनी कधीतरी कापलेला माशाचा छाप तिनं माळ्यावरून काढला, मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर धरला आणि वरून पत्तीनं पुट्टी ओढली. छाप अलगद उचलला आणि ती जागच्या जागी ओरडली.

"अब्बाऽ! हितं या! पळत या!"

अब्बा काठी विसरून आले. झाकणावर मासा होता. रंगवलेला नव्हे, वर आलेला. बोट फिरवलं तर खवला न् खवला हाताला लागत होता. अब्बांनी तो तिरका धरला, उन्हात नेला, परत सावलीत आणला. "आयला," ते म्हणाले, "आमी जन्मभर रंगच फासत बसलो की गं!"

त्या दिवसापासून नौशीनला दुसरं काही सुचेना. मोबाइलवर शोधलं तर कळलं, जगभर लोक अशी कार्डं करतात, त्याच्यासाठी एम्बॉसिंग पेस्ट नावाची तयार लुकणही मिळतं. "ही पेस्ट म्हंजी आपली पुट्टीच की," ती म्हणाली. पण ती पुट्टीच नव्हती. कार्ड जरा वाकलं की मासा तडकायचा आणि खवले खाली गळायचे. मग तिनं पुट्टीत फेविकॉल घातला. मग टाल्कम पावडर. मग पांढरा ॲक्रेलिक रंग. पातळ झालं की ते छापाखाली शिरून सगळा मासा फुगायचा, घट्ट झालं की पत्तीला चिकटून यायचं. शेवटी एका सकाळी ते अगदी श्रीखंडासारखं जमलं. इतकं श्रीखंडासारखं, की अल्ताफनं जाता जाता वाटीत बोट घालून तोंडात घातलं आणि मोरीकडं पळाला. नौशीन हसून हसून खाली बसली. "जमलं! अहो, जमलं म्हणून तर फसलात!"

अब्बांनी डब्यातलं ब्लेड काढलं. वयानं हात जरा हलायचा, पण फिल्मवर टेकला की स्थिर व्हायचा. नौशीन चित्र काढायची, ते कापायचे. ज्वारीचं कणीस झालं, उसाचा तुरा झाला, बाभळीची शेंग झाली, सुप्याच्या माळावरचं चिंकारा हरीण झालं. आणि पक्षी तर किती! हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर पक्षी बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या यायच्या, परतताना अल्ताफकडं जेवायला थांबायच्या. काउंटरवर मांडलेली कार्डं लोक उचलून उचलून बघायचे. रोहित सगळ्यांचा लाडका. फ्लेमिंगो म्हणा, रोहित म्हणा, लांब मान वाकवून पाण्यात चोच घातलेला तो पक्षी पांढऱ्या पेस्टमध्ये काढून तिनं पंखावर गुलाबी हात फिरवला, की कार्ड ठेवल्या ठेवल्या जायचं.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. बारामतीहून कॉलेजच्या मुलींचा एक घोळका सकाळची बोट करून जेवायला आला. सगळ्या एकदम बोलत होत्या, एकमेकींचे फोटो बघत होत्या. "हा बघ!" "अगं, हा बघ, सगळा थवा आलाय!" एक मुलगी मात्र गप्प होती. काळा चष्मा, मांडीवर घडी घातलेली पांढरी काठी. नौशीन ताटं घेऊन गेली तेव्हा तिला उमगलं, की हिला दिसत नाही. एवढ्या सगळ्या 'बघ, बघ'मध्ये ती बिचारी पाण्यावर दोन तास बसून आली होती.

नौशीननं विचार केला नाही. काउंटरवरचं रोहितचं कार्ड आणलं आणि तिच्यापुढं ठेवलं. "ताई, ह्याला हात लावून बघा."

मुलीनं कार्डावर बोटं टेकवली. आधी एका हाताची, मग दोन्ही हातांची. बोटं पायांवरून वर सरकली, पोटावर थांबली, मानेकडं वळली. टेबलावरच्या मैत्रिणींनी एकेक करून मोबाइल खाली ठेवले.

"हा फ्लेमिंगो?"

"व्हय."

"इतके काडीसारखे पाय? आणि वर एवढं अंग?" ती हसली. "मला वाटायचं बदकासारखा असेल, फक्त मोठा. कुणी सांगितलंच नाही! आणि ही चोच अशी मोडल्यासारखी का आहे?"

"तशीच असती. उलटी करून चिखलात घालतो तो."

बोटं परत मानेवर आली आणि एका जागी अडली. "इथे मान तुटली आहे का? आणि इथे पायही. हा जखमी आहे?"

नौशीननं वाकून पाहिलं. जोड! फिल्म गळू नये म्हणून अब्बांनी ठेवलेले बारीक जोड. तिथं पेस्ट पडत नाही, कार्डावर फट राहते. बघणाऱ्याचा डोळा ती फट आपोआप भरून घेतो. आजवर एकाही माणसाला ती दिसली नव्हती. ह्या मुलीच्या बोटांना मात्र प्रत्येक रोहित तीन ठिकाणी तुटलेला होता.

"जखमी न्हाय ओ," नौशीन घाईनं म्हणाली, "आमचं काम कच्चं हाय. तुमचं नाव काय? परत कधी येणार?"

"पूर्वी. तुम्ही अख्खा पक्षी केलात तर उद्या येईन!" आणि मग तिनं प्रश्नांची सरबत्तीच लावली. उडताना हे एवढे पाय कुठे ठेवतो? मान आत घेतो का? नौशीनला सांगता येईना. तिनं दारातून बोटवाल्या नागेशला हाक मारली. नागेश आत आला, दोन्ही हात पुढं-मागं ताणून उभा राहिला आणि मग समोरचीला दिसत नाही हे ध्यानात येऊन ओशाळला. "सरळ काठी, ताई," तो म्हणाला. "मान म्होरं, पाय मागं. मधी पंख."

पूर्वी गेल्यावर नौशीन अब्बांसमोर कार्ड घेऊन बसली.

"जोड काढला तर छाप तुटणार," अब्बा म्हणाले.

"पण फट ऱ्हाती ना."

"मग दुसरा छाप कर की! आमी नंबर प्लेटला काय करायचो? पहिल्यात आकडा मारायचा, वाळू द्यायचा, दुसरा छाप बसवून जोडाची जागा भरायची. इसरलीस व्हय?"

विसरली नव्हती, सुचलं नव्हतं. तिनं अब्बांचे दोन्ही हात धरून त्यांना खुर्चीसकट हलवलं. त्या आठवड्यात हॉटेलात मसाला वाटायची तेवढी सवड तिनं कशीबशी ठेवली, बाकी सगळा वेळ रोहितला. दुसरा छाप पहिल्यावर केसभरही सरकून चालत नव्हता. मग दोन्ही फिल्म आणि कार्ड यांच्या कोपऱ्यांत सारखी भोकं पाडून ती सगळी त्याच टाचण्यांवर बसवली. पाण्यासाठी पेस्टचा पातळ थर, अंगासाठी जाड. पंखावरचा थर ओला असतानाच तिनं त्यावरून कंगवा ओढला, तशी पिसं उमटली. काठाच्या चिखलासाठी पेस्टमध्ये बारीक चाळलेली वाळू मिसळली. प्रत्येक कार्ड झालं की ती डोळे घट्ट मिटायची आणि बोट फिरवायची. अब्बांनाही डोळे मिटायला लावायची. अल्ताफच्या डोळ्यांवर तर तिनं ओढणीच बांधली.

"हा... झारा हाय," अल्ताफ म्हणाला.

"झारा? अहो बगळा हाय तो!"

"मग मान एवढी रुंद कशाला? बारीक कर."

नवऱ्याचं बरोबर होतं. मान बारीक झाली. मग तो चेकाळलाच, जेवायला आलेल्या ड्रायव्हरांना डोळे मिटवून कार्डं ओळखायला लावू लागला. टेबलाटेबलावर पैजा लागल्या. बाभळीची शेंग सगळ्यांना पहिल्याच फटक्यात ओळखू आली. चिंकाऱ्याला अर्ध्या लोकांनी शेळी म्हटलं, तेव्हा नौशीननं त्याची शिंगं नव्यानं काढली.

फेब्रुवारीच्या एका सकाळी पूर्वी आईला घेऊन आली. आई, आसावरीबाई, बारामतीच्या शाळेत शिकवायच्या. त्या काही विचारायच्या आत नौशीननं दोघींना नागेशच्या बोटीत बसवलं आणि स्वतःही चढली. मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं. बोट मोकळ्या पाण्यात आली, लांब उथळावर गुलाबी रांग दिसली, तसं नागेशनं इंजिन बंद केलं. नुसतं पाणी लाकडावर आपटत होतं.

नौशीननं पूर्वीच्या हातात पहिलं कार्ड दिलं. पूर्वीची बोटं पायापासून निघाली, मानेवरून वळण घेऊन चोचीपर्यंत कुठंही न अडता पोचली. तिनं परत खालून वर नेली. परत.

"अख्खा आहे!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की आसावरीबाईंनी तिचा दंड धरला.

"हळू गं, उडतील."

आणि तेवढ्यात ते उडालेच. पूर्वीच्या आवाजानं नव्हे, वरून एक शिकारी पक्षी झेपावत गेला त्यानं. सगळी रांग एकदम हलली. रोहित उभ्या जागी उडत नाही, आधी पाण्यावर पळतो. शेकडो पाय पाण्यावर थपथप थपथप पळत सुटले.

"हे काय? हे काय वाजतंय?"

"पळतायत! पाण्यावरनं पळतायत!" नौशीन ओरडली. खोक्यातलं दुसरं कार्ड तिनं पूर्वीच्या बोटांखाली सरकवलं, मान पुढं, पाय मागं, पंख उघडलेले. "हे धरा! आता वर आले, आता असे झाले, आपल्या डोक्यावरनं चाललेत!"

थपथप थांबली आणि पंखांचा भरदार सळसळाट बोटीवरून गेला. पूर्वीनं चेहरा वर केला होता. एका हाताची बोटं कार्डावरच्या पंखात रुतली होती, दुसरा हात हवेत, मान पुढं, पाय मागं अशी रेघ ओढत होता. "दिसले," ती म्हणाली, "आई, मला कळले ते कसे आहेत!" आसावरीबाईंनी नौशीनचा हात घट्ट दाबला. नागेश कधीचा सुकाणू सोडून उभा होता.

आवाज लांब गेला. मग पूर्वी आणि नौशीन दोघी एकदम बोलायला लागल्या. प्रत्येक कार्डाच्या मागं पक्ष्याचं नाव ब्रेलमध्ये टोचायचं, ते मी करीन, पूर्वी म्हणाली, माझ्याकडं ब्रेल लिहायची पाटी आणि टोचणी आहे. बारामतीत माझ्यासारखे आणखी जण आहेत, त्यांना आणते. तुम्ही आम्हाला पत्ती ओढायला शिकवाल? "शिकवीन की! अब्बा शिकवतील, ते माझ्यापरीस कडक हायेत," नौशीन म्हणाली. आसावरीबाईंनी शाळेचा हॉल मिळवायचं कबूल केलं. एका दमात सगळं ठरलं. आणि तसं झालंही. मार्चमध्ये त्या हॉलमध्ये सरदार पेंटर टेबलाटेबलावरून फिरत, पेस्टनं माखलेले हात धरून धरून, "दाबू नगा, वढा, नुसतं वढा," असं सांगत होते, आणि पाणी प्यायला बसा म्हटलं तरी बसायला तयार नव्हते.

पण ते नंतरचं. त्या सकाळी बोट परत वळवायची वेळ झाली तेव्हा पलीकडच्या काठावरून घोगरा, नाकातून काढल्यासारखा कलकलाट आला. पूर्वीनं झटकन मान वळवली.

"आणि हे कोण?"

"पट्टकदंब," नागेश म्हणाला. "हंसावाणी असत्यात, हिमालयावरनं येत्यात."

पूर्वीनं नौशीनकडं हात पुढं केला. नौशीननं खोकं चाळलं. बगळा होता, चिंकारा होता, शेंगसुद्धा होती.

"त्यो अजून काढलाच न्हाय ओ!" ती हसत म्हणाली, आणि बोटीच्या कडेला रेलून नागेशला म्हणाली, "जरा जवळ घे की रं. डोक्यावर पट्टे हायेत ना त्याच्या? किती, एक का दोन? नीट बघू दे मला."